डोलकाठीवरची गुढी

ट्रकवाल्याने आमची बोट बंदराशेजारच्या बोटींच्या यार्डात उतरवली, डोलकाठी शेजारच्या गवतात ठेवली, बाकीच्या सामानाच्या पिशव्या बोटीच्या पोटात फेकल्या आणि चहालाही न थांबता निघून गेला. मला पहिला राग तिथे आला. पुढचं दीड वर्ष तो गेला नाही. त्याचा धनी फक्त बदलत राहिला. कधी ट्रकवाला, कधी यार्डवाला, कधी बोटीतला माझा भागीदार मित्र. खरा धनी मी होतो, पण स्वतःवर रागवायला सवड लागते.

बोट एकवीस फुटांची, शिडाची, आमच्या दोघांच्या वयाची. आयर्लंडमधल्या शॅनन नदीवरच्या एका तळ्याकाठी पडून होती आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत सुटकेचे अश्रू होते. ते आम्ही वियोगाचे समजलो. आम्ही म्हणजे मी, पुण्याचा, नासजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात काम करणारा; आणि माझा मित्र, नागपूरचा, ॲडम्सटाउनला राहून डब्लिनला सॉफ्टवेअर करणारा. दोघांनाही शिडाच्या बोटीचं काही म्हणता काही कळत नव्हतं. त्याच्या गावापासून समुद्र सातआठशे किलोमीटर. माझ्या गावात नदी आहे, पण तिच्याबद्दल न बोललेलं बरं. उन्हाळ्यात एका क्लबात आम्ही पाच शनिवारांचा कोर्स केला आणि प्रमाणपत्र घेऊन आलो. प्रमाणपत्र आलं की पुण्याच्या माणसाला थांबवणं अवघड.

बोट पूर्व किनाऱ्यावर आणायची तर रस्त्यानेच. ट्रकवर उभी काठी चालत नाही, म्हणून तळ्याकाठी सगळं खोलावं लागलं. डोलकाठी आडवी केली, तिला ताणून धरणाऱ्या तारा सोडल्या, दोऱ्या, कप्प्या, आडव्या दांड्या, सुकाणू, सगळं सुटं. खोलायला एक दुपार लागली.

"प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून घेऊ," मित्र म्हणाला.

"फोटोला प्रोसिजर म्हणत नाहीत," मी म्हटलं.

आमच्या कारखान्यात टाचणीएवढ्या भागालाही नंबर असतो. मी पिशव्या आणल्या होत्या, चिकटपट्ट्या आणल्या होत्या, न पुसली जाणारी शाई आणली होती. प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर नंबर, आणि नंबराचा अर्थ एका वहीत, सुवाच्य अक्षरात. मित्र फोन काढायचा आणि मी त्याला हटकायचो. शेवटी त्याने नाद सोडला आणि तो बदकांचे फोटो काढत बसला.

ती वही मी गाडीच्या टपावर ठेवली आणि गाडी चालू केली.

पोर्टलीशला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा आठवण झाली. मित्र टपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बदकांचे फोटो आहेत माझ्याकडे. चालतील का?"

तर यार्डात आमच्यापुढे सेहेचाळीस पिशव्या होत्या, सेहेचाळीस नंबर होते, शाई खरोखरच पुसली जात नव्हती, आणि अठ्ठावीस नंबर म्हणजे काय हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

यार्डवाला सत्तरीचा, लोकरी टोपीचा गृहस्थ. आयुष्यभर बोटी जोडलेला. त्याने एका दुपारी सगळं सांगितलं असतं. पण इथली माणसं, न विचारता, 'हे चुकलंय' असं तोंडावर म्हणत नाहीत. तो यायचा, खिशात हात घालून उभा राहायचा, आमचं काम पाहायचा आणि म्हणायचा, "वेल, तसंही करता येईल, म्हणा." आणि जायचा. मी पुण्यात वाढलेला. आमच्याकडे चूक झाली तर रस्त्यावरचा अनोळखी माणूसही थांबून सांगतो, कधी कधी चूक न होताही सांगतो. त्यामुळे 'तसंही करता येईल' हे मी शाबासकी म्हणून घेत गेलो. हे वाक्य इथे म्हणजे धोक्याची घंटा असते, हे कळायला मला एक आख्खा हिवाळा लागला.

तो हिवाळा डोलकाठीच्या आडव्या दांड्यांत गेला. काठीच्या मध्यावर दोन बाजूंना दोन दांड्या असतात; तारा त्यांच्यावरून जातात म्हणून काठी वाकत नाही. डावी वेगळी, उजवी वेगळी, कारण दोन्ही थोड्या मागे झुकलेल्या असतात. आमची काठी सुताराच्या घोड्यांवर आडवी होती. मी काठीच्या पायथ्याशी उभा राहिलो, शेंड्याकडे पाहिलं आणि डावं-उजवं ठरवलं.

"काठी उताणी आहे ना पण," मित्र म्हणाला. "पाठीवर झोपली आहे ती. उभी केली की उलटं होईल."

"डावं ते डावं. काठी झोपली काय, उठली काय."

"अरे, तू उताणा झोप आणि मग पायाशी उभ्या माणसाला तुझा डावा हात कुठे दिसतो ते बघ."

"माझा डावा हात डावीकडेच असतो."

हे मी एका अभियंत्याच्या ठामपणाने म्हटलं. यार्डवाला आला. पाहून म्हणाला, तसंही करता येईल, म्हणा. मी मित्राकडे विजयी नजरेने पाहिलं. आम्ही दांड्या बसवल्या, तारा चढवल्या, खिळ्या वाकवून पक्क्या केल्या. चार शनिवार. पाचव्या शनिवारी मी पाठीवर झोपलेल्या माझ्या मुलीला उठवायला गेलो आणि तिचा डावा हात माझ्या उजवीकडे पाहून पलंगाच्या पायथ्याशीच थबकलो. त्या दिवशी मी मित्राला फोन केला नाही. एकटाच यार्डात गेलो, सगळं उलटं करून सुलटं केलं, पावसात, आणि त्याला कधीच सांगितलं नाही. आज हे वाचून त्याला कळेल.

असं दीड वर्ष. शनिवारी सकाळी डबे घेऊन जायचं. त्याच्या डब्यात पोहे, माझ्या डब्यात पोहे. 'नागपूरच्या पोह्यांवर तर्री असते, तुमच्या पोह्यांवर उपदेश असतो,' हे तो दर शनिवारी म्हणायचा. मग पाऊस, मग भांडण, मग एखादी पिशवी उघडून ओळख परेड. संध्याकाळी यार्डवाला विचारायचा, कसं चाललंय? आणि आम्ही दोघं एकदम सांगायचो, ग्रँड.

फेब्रुवारीत एका शनिवारी मित्र काठीखाली उकिडवा बसून एक स्क्रू पिळत होता. वर न बघता म्हणाला, "आम्ही परत चाललोय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. कायमचं."

"कुठे?"

"नागपूरला. बाबांना एकट्याने जमत नाही आता. इथे यायचं नाही म्हणतात. बघितलं विचारून."

मी म्हटलं, "तो स्क्रू फार आवळू नकोस, आटे जातील."

एवढंच म्हटलं. मग तो म्हणाला, "एकदा समुद्रात जाऊन येऊ यार. शीड लावून. एकदाच. मग तू आणि तुझी बोट."

तेव्हापासून मला त्या बोटीतल्या प्रत्येक नटबोल्टचा राग यायला लागला. माणूस बापासाठी घरी चाललाय, त्याच्यावर रागवायची सोय नसते. मग नटबोल्ट बरे.

आता यार्डाची पद्धत अशी होती की मोठी क्रेन भाड्याने यायची ती एका ठरलेल्या शनिवारी. त्या दिवशी ओळीने सगळ्यांच्या काठ्या उभ्या करायच्या आणि सगळ्यांच्या बोटी पाण्यात सोडायच्या. ज्याचं राहिलं त्याने पुढच्या क्रेनची वाट बघायची, ती मेमध्ये. मेमध्ये मित्र नागपुरात कूलर लावत असणार. म्हणजे तो एकच शनिवार. एप्रिलचा पहिला. मी कॅलेंडर पाहिलं, आणि २०१९ सालचा पाडवा नेमका त्याच शनिवारी.

साडेतीन मुहूर्तांपैकी एक! मला तो संकेत वाटला. दरवर्षी मी परसात झाडूच्या दांड्यावर गुढी उभारायचो आणि आयरिश शेजारी कुंपणावरून विचारायचा, तांब्या वाळत घातला का? आणि आता माझ्याकडे साक्षात सव्वीस फुटी काठी होती, क्रेनने उभी राहणारी. या बेटावर इतकी उंच गुढी कुणी उभारली नसेल.

बायकोने साडी द्यायला साफ नकार दिला. खणाचं कापड दिलं. स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात; आलो तेव्हा आमच्यात कपाट होतं, आता दहा वर्षांत प्रेस झालं), तांब्याचा तांब्या काढून दिला. "माझ्या आईचा आहे. परत आण." कडुनिंब नव्हता, म्हणून शेजाऱ्याच्या कुंपणाची लॉरेलची डहाळी घेतली. साखरेची गाठी पुण्याहून आली होती, गुलाबी आणि पांढरी.

सकाळी यार्डात काठी घोड्यांवर आडवी होती. मी शेंड्याशी गेलो आणि गुढी बांधायला लागलो. मित्र धावत आला.

"इथं नको ना बे. इथूनच दोऱ्या जातात."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. शेंड्यात शेजारी शेजारी दोन चाकं असतात, त्यांच्यावरून शिडं वर ओढायच्या दोऱ्या फिरतात. दोऱ्या फिरल्या तर शीड, नाहीतर ती नुसती काठी.

"मी चाकांच्या वर बांधतोय," मी म्हटलं. "कापड खाली लोंबणार, दोऱ्या आत फिरणार. संबंध येतो कुठे?"

"वारा येते ना."

"पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आम्ही—"

"पुण्याचं नको सांगू आज."

यार्डवाला आला. त्याने तांब्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, गाठीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ते वाक्य म्हणाला. आणि मला, ज्याला त्या वाक्याचा अर्थ आता पुरेपूर कळलेला होता, त्या मला, वाटलं की आज सण आहे म्हणून तो मनापासून म्हणतोय.

काठी उभी राहिली तेव्हा सगळ्या यार्डाने टाळ्या वाजवल्या. तांब्या आभाळात चमकला, खण फडफडला. आमच्या दोघांच्या बायका आणि मुली आल्या होत्या, त्यांनी फोटो काढले, गूळ-धणे वाटले. एका म्हाताऱ्या खलाशाने दोनदा मागून घेतले. क्रेनने बोट उचलून पाण्यात ठेवली. ती बुडाली नाही, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य. क्रेन पुढच्या बोटीकडे गेली, मग तिच्या पुढच्या, आणि अडीच वाजता ती रस्त्याला लागली. बायका-मुली थंडीने घरी गेल्या. आम्ही शीड जोडलं. मित्राने सुकाणू धरलं. मी दोरी ओढली.

शीड हातभर वर गेलं आणि थांबलं.

इथे शहाणा माणूस थांबतो. मी आणखी जोर लावला. मग दोरी गुंडाळून ओढायच्या चक्रीचा दांडा आणला आणि त्याने ओढलं. वर काहीतरी करकरलं. खण आखूड झाल्यासारखा दिसला. मी खाली उतरवायला दोरी सोडली, ती सैल पडेना. दुसऱ्या शिडाची दोरी ओढली, तीही ढिम्म. वाऱ्याने कापड चाकांत सारलं होतं आणि मी स्वतःच्या हाताने, दांडा लावून, ते दोन्ही चाकांना गिळायला दिलं होतं.

तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला. वरून एक गुलाबी, चिकट थेंब मित्राच्या कपाळावर पडला. त्याने बोटाने पुसला, चाखला.

"गाठी," तो म्हणाला. आणि मग त्याचा नागपुरी बांध फुटला. "तुले म्हणलो होतो ना बे! म्हणलो होतो का नाही? दीड वर्ष म्हणून रायलो! फोटो काढू म्हणलो, नाही. दांड्या उलट्या आहेत म्हणलो, नाही. कोणाचं ऐकतच नाही तू! कायले पायजे होती गुढी? कोणाले दाखवाची होती?"

"ओरडू नकोस, लोक बघतायत."

"पाहू दे! क्रेन गेली. मी चाललो. झालं समाधान?"

"जा ना मग!" मी ओरडलो. "तुला जायचंच आहे! तू फेब्रुवारीतच गेलास! दर शनिवारी नुसता यायचास इथे, मनाने तिकडेच होतास. एक स्क्रू धड आवळला नाहीस!"

"तूच म्हणला नको आवळू!"

यार्डातली माणसं आपापल्या बोटींत एकदम काहीतरी शोधायला लागली. मित्र धक्क्यावर चढला, पाठ करून बसला. मी बोटीत, तो धक्क्यावर, आणि दोघांच्या वर ती गुढी, खाली न येणारी. गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते. ती आठवण मला आत्ताच व्हायची होती.

वर चढायचं तर माणसाला ओढून घ्यायला चालू दोरी लागते, आणि दोन्ही दोऱ्या अडकलेल्या. मी बराच वेळ हे कोडं सोडवत बसलो. मग आयुष्यात पहिल्यांदा यार्डवाल्याकडे जाऊन सरळ विचारलं, "काय करू?"

त्याने टोपी मागे सारली. "विचारलंस म्हणून सांगतो," तो म्हणाला, आणि दीड वर्षाचं सगळं एका दमात सांगितलं. आधी, मी किती मूर्ख आहे ते. फार शांतपणे, नावं न ठेवता. मग उपाय. दोरी अडकलीये ना? पक्की अडकलीये? मग तिच्याइतकी भरवशाची दोरी नाही. ओहोटीला धक्का उंच होतो. शिडाकडचं टोक धक्क्यावर न्यायचं आणि माणसं लावून ओढायचं. बोटच आडवी करायची. शेंडा धक्क्यावर येईल, कापून घ्या.

सहा वाजता पाणी पुरतं ओसरलं. आठ माणसं जमली, त्यात तो धणे आवडलेला म्हातारा खलाशीही. मी बोटीत, ती सांभाळायला. त्यांनी ओढलं आणि बोट हळूहळू कलली, माझ्या पायाखालची जमीन भिंत झाली आणि मी कठड्याला मिठी मारली. शेंडा धक्क्यावर मित्राच्या छातीपाशी आला. त्याच्या हातात यार्डवाल्याची सुरी.

"थांब!" मी खालून ओरडलो. "आधी हळदकुंकू! नमस्कार करून उतरवायची असते!"

आठ आयरिश माणसं दोरीला लटकलेली. एकाने विचारलं, युअर मॅन, म्हणजे मी, काय म्हणतोय?

मित्राने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दीड वर्ष होतं. पण त्याने सुरी तोंडात धरली, डाव्या हाताने शेंडा पकडला आणि उजव्या हाताने नमस्कार केला. हळदकुंकू गाडीत होतं. मग त्याने खण कापला, चिंध्या ओढून काढल्या, साखरेचा चिकटा नखांनी खरवडला. तांब्या सुटला, धक्क्याच्या कडेवर आपटला आणि बंदरात गेला. सासूबाईंचा. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, घरात हेही वाचलं जाणार आहे.

बोट सरळ झाली. मित्र उडी मारून आत आला. मी दोरी ओढली. शीड वर गेलं. सरसर, कुठेही न अडकता, पार शेंड्यापर्यंत.

सात वाजून गेले होते. आम्ही बंदराच्या तोंडातून बाहेर पडलो, आणि बोट एका बाजूला जराशी झुकून चालायला लागली. आवाज नाही, फक्त पाणी. सेहेचाळीस पिशव्या एकत्र येऊन चालत होत्या. सुकाणू त्याच्याकडे होतं. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

"तू म्हणलास ते खोटं आहे," तो म्हणाला. "मनाने तिकडे होतो म्हणे. तिकडे गेलो की आता मनाने इथे राहीन. घे, हेही तुझ्याच माथी."

मी म्हटलं, "शीड जरा ढिलं सोड."

सूर्य डोंगरामागे टेकला. "वळवू का?" त्याने विचारलं.

"वळव."

त्याने सुकाणू हलवलं नाही. मी पुन्हा सांगितलं नाही. बोट तशीच चालत राहिली, पुढे, आयरिश समुद्रात, आणि बराच वेळ आम्ही दोघंही वळवायचं विसरल्याचं नाटक करत होतो. मग वारा पडला. असा पडला की शीड रुमालासारखं लोंबलं. मागे छोटं इंजिन होतं. मी दोरी ओढून चालू करायला गेलो, तर टाकी कोरडी. पेट्रोलचा डबा माझ्या गाडीच्या डिकीत, हळदकुंकवाच्या शेजारी.

धक्क्यावरून आमच्यावर नजर ठेवून असलेला यार्डवाला मोटरबोट घेऊन आला. त्याने दोर फेकला. तो कुठे बांधायचा ते मला माहीत नव्हतं, म्हणून मित्र बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, बसून दोन्ही हातांनी तो धरून राहिला. आणि तिथून, पाठमोरा, त्याने सुरुवात केली. वहीपासून. मग दांड्या, मग गाठी, मग तांब्या, मग पेट्रोल. एकही चूक सुटली नाही, क्रमही चुकला नाही. मधूनमधून मला नवीनच शिव्या ऐकायला मिळत होत्या. मी मागे बसून ऐकत होतो, आणि धक्क्यावरचे दिवे मोठे होत चालले होते. बंदर इतकं जवळ होतं, याचाच मला भयंकर राग आला.